दुसऱ्या बाजूच्या अकरा घंट्या

मित्रांनो, मला हातात घेणार असाल तर आधीच सांगून ठेवते, बोटं फक्त कडेला लावायची. मधल्या रेघांना नाही. हं, असं. आता बोलू या.

मी एक जुनी तबकडी आहे. तुमचे आजोबा जिला रेकॉर्ड म्हणत आणि जिच्यावर सुई टेकवली की गाणं वाजायचं, ती. माजरीत गुलाबरावांच्या घरी मला वाजवणाऱ्या लाकडी पेटीच्या खालच्या कप्प्यात मी उभी असते. उभीच ठेवावं लागतं, आडव्या ढिगात आम्ही वाकतो. रंगाने मी काळी कुळकुळीत आहे आणि मला त्याचा तोरा आहे. या रंगापायी माझ्यावर एकदा काय बेतलं ते पुढे येईलच. पण मला सांगायचंय ते दुसरंच. माझ्या दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी अकरा बारीक घंट्या आहेत. त्या पुन्हा एकदा ऐकायला मिळाव्यात म्हणून एका म्हाताऱ्या माणसाचा जीव कसा तुटत होता, त्याची ही गोष्ट आहे.

माझा जन्म पन्नास वर्षांपूर्वी विलायतेत झाला. काळ्या प्लास्टिकचा एक मऊ, गरम गोळा दोन साच्यांच्या मधे ठेवला, वर आणि खाली नावाची चिठ्ठी लावली आणि वाफेच्या यंत्राने असा दाबला की अर्ध्या मिनिटात माझा जन्मही झाला आणि बारसंही. लोकांना वाटतं माझ्या अंगावर शेकडो गोल रेघा आहेत. तसं नाही. एका बाजूला एकच रेघ आहे, बाहेरून आत गुंडाळत गेलेली. उलगडून रस्त्यावर अंथरली तर जवळजवळ अर्धा किलोमीटर भरेल. त्या रेघेच्या खाचाखोचांत सगळं संगीत आहे.

आता माझ्यात काय आहे तेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही उगाच मिजास करते. तिकडे त्या काळी पोरं गिटार आणि ढोल घेऊन जोरजोरात गायची, त्याला रॉक म्हणत. त्यातल्या काहींना तीन मिनिटांच्या गाण्याचा कंटाळा आला. गाणं लांब का असू नये, असं ते म्हणू लागले. आपल्या झाडीपट्टीतल्या नाटकात कसं, एकाच खेळात लावणी होते, रडारड होते, विनोदी पात्र येऊन हसवून जातं आणि तरी गोष्ट पुढे सरकत राहते, तसं काहीतरी त्यांना करायचं होतं. त्याला प्रोग्रेसिव्ह रॉक असं भारदस्त नाव पडलं.

माझा कर्ता अशाच एका टोळीत ऑर्गन वाजवायचा. टोळीत माणसं पाच आणि मतं सहा. एके दिवशी तो उठून घरी गेला आणि आठ महिने एका खोलीत बसून त्याने एकट्याने मला रचलं. ऑर्गन त्याचा, पियानो त्याचा, गिटार त्याची. ढोल तेवढा एका मित्राचा. माझी पहिली बाजू म्हणजे एकच लांब रचना आहे, बावीस मिनिटांची. ती सात मात्रांत चालते, त्यामुळे ऐकणाऱ्याचा पाय ठेका धरायला जातो आणि अडखळतो. दुसऱ्या बाजूला चार लहान रचना आहेत. चौथी हळूहळू मंद होत जाते. ऑर्गन थांबतो, पियानो थांबतो, वाटतं संपलं. तेवढ्यात फार लांबून बारीक घंट्या वाजतात. मोजून अकरा. मग मी गप्प होते.

तुम्ही विचाराल, एवढी मोठी आहेस तर नाव काय तुझं? कव्हरवर नाव छापायचं नाही, नुसतं चित्र द्यायचं, ही त्या वेळची हौस होती. माझ्या कव्हरवर एक टेकडी आहे आणि टेकडीत आत उतरणारा एक काळा दरवाजा. नाव होतं ते फक्त मधल्या चिठ्ठीवर. ती चिठ्ठी कशी गेली, तेही ओघात येईल.

मला विकत घेतलं एका साहेबांनी. ते खाणीचं शिक्षण घ्यायला वर्षभर तिकडे गेले होते. तेही गाव कोळशाचंच होतं. दुकानदाराने मला सहज लावलं आणि साहेब ओल्या बुटांनी वीस मिनिटं तसेच उभे राहिले. मग कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून त्यांनी मला आणलं ते थेट चंद्रपूर जिल्ह्यातल्या, माजरीच्या भूमिगत खाणीवर. कोळशाच्या गावातून निघाले आणि कोळशाच्याच गावात पोचले. माझ्या नशिबात हा रंग दोन्हीकडून होता.

त्या खाणीत गुलाबराव ड्रेसर होते. तेव्हा त्यांना सगळे नुसतं गुलाब म्हणत. पोरसवदा, काटकुळे, जयंतीच्या मिरवणुकीत ढोलकी वाजवणारे. ड्रेसर म्हणजे काय, सांगते. जमिनीखाली कोळसा काढला की डोक्यावर दगडाचं छत राहतं. ते पक्कं आहे की सुटलंय, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पाळी सुरू होण्याआधी ड्रेसर पुढे जातो. एक तळहात छताला लावतो आणि दुसऱ्या हातातल्या लोखंडी टोकाच्या काठीने छत ठोकतो. टणक आवाज आला तर बरं. पोकळ आवाज आला किंवा तळहाताला थरथर लागली, तर सगळ्यांनी मागे फिरायचं. दोनशे माणसं त्या एका कानाच्या आणि एका तळहाताच्या भरवशावर खाली उतरत. गुलाबचा कान खाणीत सगळ्यांत तयार होता.

एकदा साहेब स्वतः खाली गेले असताना गुलाबने छत ठोकलं आणि त्यांच्या दंडाला धरून त्यांना मागे ओढलं. साहेबाच्या अंगाला हात लावला म्हणून सरदार, म्हणजे पाळीचा मुकादम, ओरडला. त्याचं ओरडणं पुरं व्हायच्या आत साहेब उभे होते तिथे बैलगाडीएवढा दगड येऊन पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांनी गुलाबला बंगल्यावर बोलावलं. गुलाब पायरीशी उभा राहिला. साहेबांनी त्याला आत नेलं, आपल्या समोरच्या खुर्चीत बसवलं, चहा दिला आणि माझी पहिली बाजू लावली. कोळशात राबणाऱ्या माणसाला मी पहिल्यांदाच भेटत होते. गुलाबने कप खाली ठेवला, डोळे मिटले आणि न सांगता माझ्या लाकडी पेटीवर डावा तळहात टेकवला. चौदाव्या मिनिटाला माझ्यात एक जागा आहे. सगळी वाद्यं थांबतात आणि ऑर्गनचा एकच खर्ज जमिनीखालून आल्यासारखा घुमत राहतो.

"क्या सुनाई दिया, गुलाब?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, पोकळ हाय हे," गुलाब म्हणाला. "पडते आता."

आणि ढोल, गिटार, ऑर्गन असं सगळं एकदम कोसळलं. ती जागा तशीच आहे, तिथे सगळं कोसळतंच. साहेब हसून हसून बेजार झाले. डोळे पुसत म्हणाले, मला ही जागा समजायला दोन वर्षं लागली रे. त्यानंतर दर रविवारी दुपारी गुलाबची खुर्ची ठरलेली होती. एवढ्या मानाने मला कोणी ऐकलं नव्हतं.

साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी मला आणि वाजवायच्या पेटीला, दोघींनाही गुलाबरावांच्या हातात ठेवलं. "मेरे पास मशीन और भी आएगी," ते म्हणाले, "ऐसा कान नहीं आएगा." गुलाबराव घरापर्यंत मला पोटाशी धरून चालत आले.

मग सुरू झाले माझे सोन्याचे दिवस. खाणीच्या वसाहतीतलं दोन खोल्यांचं घर, रविवारची दुपार आणि गुलाबरावांचा तळहात. शेजारी हसायचे. "गुलाबभाऊ, हे भुतायचं गानं काऊन लावून राह्यले?" म्हणायचे. त्यांची बायको वच्छलाबाई तर मला त्यांचा इंग्रजी सासराच म्हणायची. "आला का तुमचा इंग्रजी सासरा जेवाले?" असं विचारून ती सूप घेऊन बाहेर ओट्यावर जायची. तिला माझं बाकी काही आवडत नसे. पण दुसरी बाजू संपत आली की तिचं पाखडणं थांबायचं. ती दारात येऊन चौकटीला टेकून उभी राहायची. अकरा घंट्या वाजून झाल्या की म्हणायची, "आलं वासरू. बांधा आता." म्हणजे सुई उचला आणि मला कव्हरात घाला. तिच्या माहेरी एक वासरू होतं म्हणे, गळ्यात घंटी असलेलं, संध्याकाळी एकटंच घरी यायचं. गुलाबराव हसत मला कव्हरात घालायचे. एकही रविवार यात फरक पडला नाही. त्यांचा मुलगा राजदीप या घंट्या ऐकतच चालायला शिकला.

पुढे गुलाबरावांचं वय झालं आणि त्यांना खाणीतून वर आणून कोळसा फोडणाऱ्या क्रशरवर नेमलं. तो आवाज विचारू नका. तिथे कानात घालायला बोळे मिळत. सगळे घालायचे. गुलाबराव मात्र ते खिशात ठेवून घरी आणायचे. कान बंद केल्यावर मशीन बिघडलं तर कळणार कसं, असं त्यांचं म्हणणं. ज्या कानाने दोनशे माणसं राखली, त्याला बोळा घालायचा? असे ते अकरा वर्षं उघड्या कानांनी उभे राहिले.

आता नीट ऐका, कारण खरी चूक इथे झाली. गुलाबराव निवृत्त झाले आणि दुसऱ्या वर्षी वच्छलाबाई गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. पंधरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. मग एका रविवारी घर रिकामं झालं आणि गुलाबरावांनी माझी दुसरी बाजू लावली. चारही रचना झाल्या. ते दाराच्या चौकटीकडे बघत बसले. मी घंट्या वाजवल्या, मित्रांनो. अकराच्या अकरा वाजवल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा काही नाही. माणसाचा कान थकला की आधी बारीक आवाज जातात आणि जाडे मागे राहतात. ऑर्गन त्यांना ऐकू येत होता, ढोल ऐकू येत होता, घंट्या तेवढ्या गेल्या होत्या.

दुसऱ्या कोणाला वाटलं असतं, आपले कान तपासावेत. पण गुलाबरावांनी जन्मभर कशावर भरवसा ठेवला असेल तर तो कानावर. त्यामुळे कानाचा दोष माझ्यावर आला. त्यांनी मला उजेडात धरलं, मधल्या चिठ्ठीजवळच्या रेघा निरखल्या आणि हळू म्हणाले, "घासून टाकल्या मीच. सुई फिरवू फिरवू वच्छलाच्या घंट्या पुसून टाकल्या."

मला ओरडून सांगावंसं वाटलं की नाही हो, आहेत त्या, इथेच आहेत. पण मला माझं असं बोलता येत नाही. उरलेलं तरी शाबूत राहावं म्हणून त्यांनी मला कव्हरात घातलं, कव्हर साडीच्या तुकड्यात गुंडाळलं आणि माळ्यावर ठेवलं. तिथे मी नऊ वर्षं होते. माजरीची काळी धूळ कौलाच्या फटीतून यायची आणि साडीतून, कव्हरातून माझ्यापर्यंत पोचायची. एकटेपणाचं मी फार सांगत नाही. खाली टीव्ही मोठ्याने लागलेला ऐकू यायचा, दर वर्षी थोडा आणखी मोठ्याने.

मग घरात रिना आली. राजदीपची बायको, माहेर सिरोंच्याचं. गोदावरीच्या काठी, भाताच्या शिवारात वाढलेली मुलगी. अर्धी मराठी, अर्धी तेलुगू बोलणारी आणि कामाला वाघीण. राजदीप कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात, आठवड्यातून एकदा घरी येणारा. त्यामुळे घरात सासरा आणि सून दोघंच. माजरीत आल्यावर तिला पहिला धडा मिळाला तो काळ्या धुळीचा. ताट पुसलं की फडकं काळं, पडदा झटकला की हात काळे. तिने ठरवून टाकलं होतं की या गावात जे जे काळं दिसेल ते ते कोळसा, आणि घासलं की निघतो.

चौदा एप्रिल तोंडावर आली. जयंतीआधी घराला चुना लावायचा, माळा झाडायचा, सगळी भांडी अंगणात काढायची, ही इथल्या घरोघरची रीत. रिनाने माळा रिकामा केला. तिच्या हाती मी लागले. तिने माझ्यासारखं काही जन्मात पाहिलं नव्हतं. गोल, चपटी, मधे एक भोक आणि अंगभर काळी.

तिने मला राखेने घासलं, मित्रांनो. नारळाच्या शेंडीने. पाणी काळं येत होतं, कारण धूळ होतीच, त्यामुळे तिला आणखी जोर चढला. मी मूळचीच काळी गं बाई, असं मी किती म्हटलं असेल. मधली चिठ्ठी भिजून सुटली आणि माझं नाव मोरीतून वाहून गेलं. घासून घासून हात दुखले तेव्हा तिने नाद सोडला आणि मला ताटांच्या रांगेत उन्हात वाळत घातलं. चंद्रपूरचं एप्रिलचं ऊन! माझी एक कड मऊ होऊन वाकायला लागली होती, तेवढ्यात गुलाबराव चुन्याची बादली घेऊन अंगणात आले.

बादली तिथेच ठेवून ते धावले. त्यांनी मला उचललं, कडेने, आणि सावलीत नेऊन दुपट्ट्याने टिपलं. रिना राखेचे हात तसेच घेऊन त्यांच्या मागे आली.

"मामाजी, खराब झालं का? मले वाटलं कोळसा हाय. निघूनच नाई राह्यला..."

गुलाबरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती रडायच्या बेतात होती. "असू दे पोरी," ते म्हणाले. "तशीबी ते घासूनच गेली होती. आधी मीच घासली."

त्यांनी आवाज चढवला असता तर रिना दोन दिवस रडून मोकळी झाली असती. या शांत बोलण्याने ती बेचैन झाली. संध्याकाळी तिने राजदीपला फोन केला. त्याच्याकडून तिला तबकडी म्हणजे काय, साहेब कोण, इंग्रजी सासरा म्हणजे काय, एवढं कळलं. फोनवर घाईत जेवढं सांगता येतं तेवढंच त्याने सांगितलं. आपण काय घासलं हे समजल्यावर तिला रात्रभर झोप नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तिने एकच धोसरा लावला. एकदा वाजवून पाहू, मामाजी. बिघडलं किती ते तरी कळन.

गुलाबराव टाळत राहिले. चकती फिरवणारा पट्टा गेला, म्हणाले. सुई नाई, म्हणाले. खरं कारण मला माहीत होतं. घंट्या एकदा गेलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या, पुन्हा जाताना पाहायच्या नव्हत्या. पण रिना कोणाचं ऐकणारी नाही. तिने राजदीपकडून सुई मागवून घेतली. पट्ट्यासाठी सायकलची जुनी ट्यूब शोधून सासऱ्यापुढे ठेवली. एवढं झाल्यावर नाही म्हणणार कसं? गुलाबरावांनी कात्रीने ट्यूबचं गोल कडं कापलं, पेटीत बसवलं आणि रविवारी दुपारी मला फिरत्या चकतीवर ठेवलं. दुसरी बाजू वर होती. ती त्यांनी मुद्दाम ठेवली की चुकून, ते मला आजही सांगता येणार नाही.

सुई टेकली आणि माझी मलाच लाज वाटली. कढईत मिरची टाकावी तशी खरखर! राखेने अंगभर बारीक ओरखडे पडले होते. वाकलेल्या कडेवर सुई होडीसारखी वर-खाली होत होती. रिना खाली बसून चिंच फोडत होती, तिचा हात थांबला. आपण काय करून बसलो हे तिला पहिल्या क्षणाला ऐकू आलं. तिने घाबरत सासऱ्याकडे पाहिलं.

गुलाबरावांचा डावा तळहात पेटीवर होता आणि डोळे मिटलेले. चेहरा शांत. खरखर म्हणजे बारीक आवाज, ती त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती. त्यांच्यासाठी मी नऊ वर्षांपूर्वीचीच होते. रिनाला वाटलं, आपल्याला वाईट वाटू नये म्हणून ते सोसून घेत आहेत. तिने मान खाली घातली.

पहिली रचना झाली. दुसरी झाली. तिसरीतल्या गिटारीला गुलाबरावांची मान हलली. चौथी मंद होत गेली. ऑर्गन थांबला. पियानो थांबला. तळहाताखालची थरथर बंद झाली तसे त्यांनी डोळे उघडले, एकदा दाराच्या चौकटीकडे पाहिलं आणि सुई उचलायला हात पुढे केला.

"संपलं," ते म्हणाले.

"थांबा ना मामाजी," रिना म्हणाली. "वाजून राह्यलं अजून."

त्यांचा हात हवेतच राहिला. "काय म्हनलीस?"

ती मोठ्याने म्हणाली, "वाजून राह्यलं. लय बारीक. आमच्याकडे दूड येते ना संध्याकाळी, वासरू हो, गळ्यात घंटी बांधलेलं... तसं. दूर कुठी चालून राह्यलं."

 माझी शेवटची घंटी वाजली आणि मी नुसतीच फिरत राहिले.

गुलाबरावांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती बावरून उठून उभी राहिली. तिला काहीच ठाऊक नव्हतं. वच्छलाबाईला तिने पाहिलंही नव्हतं आणि वासराचं कोणी तिला सांगितलं नव्हतं. गुलाबरावांनी सुई उचलून पुन्हा चौथ्या रचनेच्या टोकाशी ठेवली.

"मोज," ते म्हणाले. "किती होते ते मले सांग."

रिना बोटं धरून मोजू लागली. ते माझ्याकडे बघतच नव्हते, तिच्या बोटांकडे बघत होते. एका हाताची पाच मिटली, दुसऱ्याची पाच मिटली, मग तिने पहिल्या हाताचं एक बोट पुन्हा उघडलं.

"अकरा, मामाजी."

गुलाबराव खुर्चीत बसले. त्यांनी आपल्या कानाच्या पाळीला हात लावला.

"म्हंजे तबकडी नाई घासली," ते म्हणाले. "मी घासलो." आणि मग ते रडले. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. वच्छलाबाईच्या घंट्या आपण पुसल्या, हे ओझं त्यांनी नऊ वर्षं वाहिलं होतं. ते उतरलं होतं आणि त्याच वेळी कान गेल्याचं कळलं होतं. त्या रडण्यात दोन्ही होतं. मलाही फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले. "अजून काय ऐकू येते तुले? खरं सांग."

आता रिनाच्या तोंडचं पाणी पळालं. पण तिने खरंच सांगितलं. "खरखर, मामाजी. पयल्यापासून शेवटपर्यंत. माह्या घासन्याची."

"लय हाय?"

"लय हाय."

गुलाबराव चक्क हसले. "बरं हाय मंग. ते तुह्याच वाट्याची." मग त्यांनी तिला राहिलेलं सगळं सांगितलं, दगड, साहेब, चौकट, वासरू. रिना ऐकत होती. सांगून झाल्यावर ती खुर्चीजवळ सरकली. तिने त्यांचा उजवा हात उलटा करून तळहात वर केला आणि म्हणाली, "आता लावा अजून एकदा."

त्यांचा डावा हात पेटीवर, उजवा तिच्या हातात. ऑर्गन थांबला, पियानो थांबला, डाव्या हाताखाली सगळं शांत झालं. आणि उजव्या तळहातावर रिनाचं बोट टेकलं. हलकंच. मग पुन्हा. जशी माझी घंटी वाजे तसं तिचं बोट टेके. जिथे मी जरा थांबे तिथे तीही थांबे. अकरा वेळा. ज्या हाताने आयुष्यभर दगडाचं मन ओळखलं, त्या हाताला ते समजायला वेळ लागला नाही.

पुढे राजदीपने त्यांना चंद्रपूरला नेऊन कान तपासून घेतले. कानात घालायचं मशीन मिळालं. आता टीव्हीचा आवाज बेताचा असतो आणि शेजाऱ्यांशी बोलणं नीट होतं. मशीन लावून एका रविवारी त्यांनी मला ऐकलंही. दोन मिनिटांत ते रिनाकडे वळून म्हणाले, "बापरे, केवढं घासलं वं तू हिले." घंट्या त्यांना त्यातून पुसट लागल्या, चार की पाच. बाकीच्या खरखरीत बुडाल्या. तेव्हापासून रविवारी दुपारी मशीन काढून डबीत ठेवायचं, हे ठरून गेलं आहे.

मित्रांनो, आता तुमच्याकडे माझं मागणं. आम्हा तबकड्यांना कडेने धरा, उभं ठेवा, उन्हात घालू नका, आणि राखेचं तर नावही काढू नका. माझं नाव वाहून गेलं, कड वाकली, पण मी वाजते. एवढी काळजी पुरे आहे. पण तुमच्या घरातही कोणी मोठ्याने टीव्ही लावत असेल, दोनदा विचारत असेल, हसण्याच्या वेळी उशिरा हसत असेल, तर त्याच्यावर वैतागू नका. त्याला तपासायला न्या. आणि त्याच्याजवळ बसून, तुम्हाला काय ऐकू येतंय ते त्याला सांगा. गुलाबरावांना नऊ वर्षं कोणी सांगितलं नाही, कारण कोणी जवळ बसून ऐकलं नाही. त्यात माझा दोष नव्हता आणि त्यांचाही नव्हता.

बरं, आता मला जायला हवं. आज रविवार आहे. चिंचेचा हंगाम संपलाय, रिना आज तांदूळ निवडते आहे. डबी मिटल्याचा आवाज आला. सुई टेकली. खरखर आहे, असू दे. चार रचना होतात, ऑर्गन थांबतो, पियानो थांबतो. रिना ताट बाजूला सारून जवळ सरकते आणि गुलाबराव उजवा हात पुढे करतात. एक, दोन, तीन... तिचं बोट अकराव्यांदा टेकतं. गुलाबराव दाराच्या चौकटीकडे बघतात.

"आलं वासरू," ते म्हणतात. "बांध आता."

"बांधते, मामाजी," रिना म्हणते, आणि मला कडेने धरून उचलते.